चारशे बारावर अडकलेला काटा

ऊर्जानगर, चंद्रपूर
२ जुलै

तीर्थरूप बाईस,
रामाजीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुहं पत्र आलापल्लीच्या बसने पोचलं. हर्षाची विमानांची शर्यत कधी सुरू होते असं तू विचारलं. तं बाई, ती कालपासून सुरू झाली. मी काही मुद्दाम पाहून राह्यलो नाई. माह्यासंगं पॉवर प्लांटमंदी असलेल्या प्रणितने मोबाइलमंदी ते पान उघडून देल्लं. आता उघडलेलं पान बंद कसं करायचं ते मले येत नाई, म्हणून नजर जाते, एवढंच.

तुह्याकडे नेटवर्क पोचत नाई, म्हणून नीट सांगतो. ही बायकांची आंतरराष्ट्रीय शर्यत आहे, युरोपातल्या एका गावी. गावाचं नाव दहा वेळा वाचलं, तोंडात बसत नाई. विमानाले इंजिन नसते. दुसरं विमान दोराने बांधून वर नेते अन् सोडून देते. मंग तापलेल्या जमिनीतून जी हवा वर चढते ती शोधायची, तिच्यात गोल गोल फिरत उंची घ्यायची अन् पुढे सरकायचं. आपल्या कूलिंग टॉवरच्या वर घारी कशा पंख न हलवता चढतात, तसंच. तीनशे किलोमीटरचा फेरा मारून जी लवकर परत येईन ती पुढे. रोज नवा फेरा, असे तेरा तारखेपर्यंत.

मोबाइलवर नकाशा दिसते अन् त्यावर एकेक विमान म्हणजे एकेक ठिपका. आपल्या पोरीचा ठिपका एच-७. बाजूले तिची उंची मीटरमंदी येते. जे दिसते ते पंधरा मिनिटं शिळं असते, एकमेकींची नक्कल करू नये म्हणून.

हर्षा मार्च महिन्यात घरी आली होती तेव्हाची गोष्ट तुले माहीत आहे. पोरगी जर्मनीतली पक्की नोकरी अर्धी करून उडायच्या मागे लागली. मी सांगतलं, पहिल्या दहांत आली तं उड, नाई आली तं कायमचं बंद. नुसतं बोललो नाई, माह्या डायरीत नोंद केली, खाली दोघांच्या सह्या. अन् घरात सांगून ठेवलं, शर्यत होईपर्यंत तिचं नाव काढायचं नाई. तुले वाटन हा बाप कसाई आहे. पण उंची काय असते ते मले माहीत आहे. नवीन लागलो होतो तेव्हा चिमणीवर चढलो अन् अर्ध्यात बसून राह्यलो. दोन माणसांनी धरून उतरवलं. अजून ते पाय विसरत नाईत.

कंट्रोल रूममंदी तीस वर्षं दर तासाले रीडिंग लिहिलं, त्या सवयीने हिच्याही उंचीची लॉगशीट केली. दर पंधरा मिनिटाले एक नोंद, वेळ आपली. नकाशावरचा रस्ताही कागदावर उतरवला. सोबत पाठवतो. आज ती चौदावी आहे.

आम्ही बरे आहो. अन्नपूर्णेचा गुडघा तसाच. तुह्या वसतिगृहातल्या पोरींना आशीर्वाद. माया आहेच तुही, तीच पुरवत राहावी.

तुहा,
रामाजी


वसतिगृह, भामरागडजवळ
६ जुलै

चि. रामाजी यास,
अ. आ. आणि जय भीम.

तुझी लॉगशीट चार दिवसांनी मिळाली. त्यामुळे आमच्याकडे तुझी दोन तारीख आज उजाडली. तुझ्याकडे पंधरा मिनिटं शिळं येतं म्हणून कुरकुरतोस, आणि आम्ही शिळ्यातलं शिळं चवीने खातो आहोत.

शाळेतून निवृत्त झाले तरी भूगोलाच्या बाईची खोड गेलेली नाही. तुझा नकाशा मी ओसरीवर खडूने मोठा काढला. मुलींनी विमानांच्या जागी मोहाच्या बिया ठेवल्या आणि हर्षासाठी एक लाल गुंज. मी एकेक वेळ वाचते, मुली गुंज सरकवतात. साडेपाचला उंची चौदाशेवरून नऊशेवर आली तेव्हा सगळ्या नकाशावर वाकल्या. पुढची ओळ वाचा म्हणून मागे लागल्या, तर मी मुद्दाम चष्मा पुसत बसले.

त्यांचे प्रश्न ऐक आणि उत्तरं पाठव. इंजिन नाही तर आत आवाज येतो का? ढगात शिरलं की अंग ओलं होतं का? पाच-पाच तास वर बसायचं तर ती खाते काय? आणि लघवीला जायचं कुठे? हा शेवटचा प्रश्न मुलींनी माझ्या कानात विचारला, मी तुला उघड विचारते आहे.

आमच्या स्वयंपाकीणबाई इतवारी तुला माहीत आहेत, माडिया आहेत, जन्म जंगलात गेला. त्यांना मी समजावायला गेले, इंजिनाशिवाय विमान वर कसं चढतं ते. त्या हसल्या. म्हणाल्या, पिट्टे, म्हणजे पाखरं, हे रोजच करतात, त्यात तुमच्या लॉगशीटला कशाला विचारायचं. एक गिधाड घिरट्या घालायला लागलं की लांबची गिधाडं तिकडे वळतात, वर जाणारी हवा कुठे आहे ते त्यांना एकमेकांकडून कळतं. मला वाटतं, या बायकाही असंच करत असणार. विचारून कळव.

आता तुझ्याविषयी. तू मुद्दाम पाहत नाहीस म्हणतोस आणि चार ते साडेआठ एकही पंधरा मिनिटं चुकलेली नाहीत. मग पोरगी वर चढावी असं तुला वाटतं, की खाली यावी असं? अट तू घातलीस. ती हरली तर तू जिंकलास, असा त्या कागदाचा अर्थ होतो. हे लिहिताना मला चांगलं वाटत नाही, पण मोठी बहीण आहे म्हणून लिहिते.

पर्लकोटा नदीला पाणी वाढतं आहे. पुलावर आलं की पत्रं थांबतील, घाबरू नकोस. अन्नपूर्णेला गुडघ्यासाठी तेल पाठवते आहे, ते तू दरवाजाच्या बिजागरीला लावू नकोस.

तुझी,
वच्छलाबाई


ऊर्जानगर
७ जुलै

तीर्थरूप बाईस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुह्या पत्राची वाट न पाहता लिहून राह्यलो, कारण आज पोरगी नववी आहे. नववी! दुनियाभरच्या बायकांत.

पण आज काय झालं ते ऐक. पावणेपाचपर्यंत सगळं ठीक होतं. मंग बाराशे, नऊशे, सातशे. पावणेसहाले पाचशे चाळीस. इतकी खाली ती आजवर आली नव्हती. ठिपका एकाच जागी गोल गोल फिरे. मी गच्चीवर होतो, तिथून उठून खोलीत आलो, डायरी काढली, लाल पेन काही सापडेना, मंग अन्नपूर्णेले मागतला. तिने विचारलं नाई कशाले, देऊन देल्ला. सहाले पाहतो तं सहाशे दहा. सव्वासहाले साडेआठशे. बाई, मी एकटाच खोलीत उभा राहून चढ बेटा, चढ, म्हणून राह्यलो होतो.

अन्नपूर्णेची तऱ्हा सांगतो. रोज साडेनऊले ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात जाते अन् दार लोटून घेते. पोरीशी बोलते हे मले माहीत आहे. बाहेर येऊन म्हणते, भाजी गरम करू का. मी विचारत नाई, ती सांगत नाई. नाव काढायचं नाई म्हणून मीच सांगतलं होतं ना.

प्रणितशी पाळी बदलून घेतली, तेरा तारखेपर्यंत सकाळची. त्याने कारण विचारलं तं गुडघ्याचं सांगतलं. त्याले मंग आठवलं का गुडघा अन्नपूर्णेचा दुखते.

पोरींना आशीर्वाद. तुह्या मायेची सावली आहे तोवर चालते सगळं.

तुहा,
रामाजी


ऊर्जानगर
९ जुलै

तीर्थरूप बाईस,
सविनय जय भीम. वि. वि.

सहा तारखेचं पत्र भेटलं. प्रश्नांची उत्तरं देतो. आवाज फक्त वाऱ्याचा येते. ढगात शिरायची मनाई आहे. खायले सुका मेवा अन् नळीने पाणी. लघवीचं प्रणितने शोधून काढलं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाई, सोय असते एवढं पोरींना सांग. अन् इतवारीबाईंना जय भीम सांगून कळव, त्या म्हणतात तसंच आहे. एक ठिपका गोल फिरायला लागला का दहा ठिपके तिकडे वळतात.

आज मात्र तांत्रिक घोटाळा झाला. सहाले पोरगी अकराशे साठवर होती, सरळ पुढे चालली होती. सव्वासहाले काय मनात आलं कोण जाणे, मागे फिरली. क्यू-९ नावाचा एक ठिपका मागे राह्यला होता, त्याच्याजवळ जाऊन घिरट्या घालत बसली. साडेसहाले सातशे साठ. पावणेसातले पाचशे तीस. सातले चारशे बारा. अन् तिथून काटा हललाच नाई. सव्वासातले चारशे बारा, साडेसातले चारशे बारा, आठले चारशे बारा. क्यू-९ चा काटा तं पावणेसहापासूनच तीनशे अठ्ठ्याण्णववर अडकलेला.

प्लांटमंदी एखादं रीडिंग असं तासभर हललं नाई का आम्ही समजतो, गेज अडकला. त्या भागात त्यांच्या यंत्राले काही झालं असन. लॉगशीटच्या शेऱ्यात तसं लिहून ठेवलं. चारशे मीटर उंच म्हणजे तशी भीती नाई, उतरली असन आपल्या मैदानावर. अन्नपूर्णा आज स्वयंपाकघरातून बाहेर आली तं डोळे लाल होते. कांदा चिरला म्हणे. रात्री पिठलं होतं, कांदा चिरला असन.

रागही आला. नववी होती, पुढे जायचं सोडून मागे कशाले फिरली? नंबर सतरावर गेला. अजून चार दिवस आहेत.

तेल लावून राह्यलो, गुडघ्यालेच. कृपा असू दे.

तुहा,
रामाजी


वसतिगृह, भामरागडजवळ
१२ जुलै

चि. रामाजी यास,
अ. आ. आणि जय भीम.

दोन दिवस पुलावर पाणी होतं. आज उतरलं आणि तुझी दोन्ही पत्रं एकदम आली. सात तारखेला मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग नऊ तारखेची लॉगशीट मी वाचायला घेतली आणि चारशे बाराच्या तिसऱ्या ओळीवर वाचायची थांबले.

रामाजी, तुला बल्लारशाचा फलाट आठवतो का? बाबा तिथे पॉइंट्समन होते. पिवळ्या पाटीसमोर उभं करून त्यांनी आपल्या दोघांना अक्षरं शिकवली. वर गावाचं नाव आणि अगदी खाली बारीक अक्षरात काय लिहिलेलं असायचं? समुद्रसपाटीपासून उंची. तू तेव्हा बाबांना विचारलं होतंस, आपण जमिनीवर उभे आहोत तर उंच कसे. ते तू विसरलास, मी नाही विसरले, कारण पुढे तीस वर्षं मी तेच मुलांना शिकवलं.

विमानाची उंची समुद्रापासून मोजतात रे. तिकडची जमीनच चारशे मीटरवर असणार. तुझा काटा अडकला नव्हता. पोरगी सात वाजल्यापासून जमिनीवर होती. आणि तुझ्या नकाशात त्यांचं मैदान तिथून निदान साठ किलोमीटर लांब आहे.

मी इतकंच ओळखलं आणि इतवारीबाईंना हाक मारली. इतवारीबाई भाकरी टाकायचं सोडून आल्या. त्यांनी नकाशाभोवती एक चक्कर मारली, क्यू-९ ची बी कुठे ठेवली आहे ते विचारलं, ती किती वाजता थांबली ते विचारलं. मग म्हणाल्या की ही आधी पडली, तुमची पोरगी हिच्यासाठी मागे आली. वर फिरत राहिली म्हणजे लोकांना जागा कळावी. हवा संपली तेव्हा शेजारी उतरली. त्यांना यात नवल वाटलं नाही. रानात कोणी पडलं तर माणूस असंच करतं, असं म्हणून त्या चुलीकडे गेल्या.

खरं असेल तर दहाव्या तारखेच्या तुझ्या लॉगशीटमध्ये हर्षा पुन्हा उडालेली दिसेल आणि क्यू-९ दिसणार नाही. ती लॉगशीट माझ्यापर्यंत यायला अजून दोन दिवस आहेत. तुझ्याजवळ ती आत्ता आहे. मी इथे बसून काय करू ते सांग. मुली सारख्या विचारतात आणि मी गुंज हातात धरून बसले आहे.

तू एक कर. हे पत्र वाचून झालं की लगेच स्वयंपाकघरात जा आणि अन्नपूर्णेला विचार. दार लोटलेलं असलं तरी जा. पिठल्यात इतका कांदा नसतो.

जीव तिकडे लागला आहे. लवकर लिही.

तुझी,
वच्छलाबाई


ऊर्जानगर
१५ जुलै

तीर्थरूप बाईस,
सविनय जय भीम. वि. वि.

पोरगी सुखरूप आहे. हे पहिले लिहितो, बाकी नंतर.

तुहं पत्र काल दुपारी भेटलं. वाचता वाचता जिन्यात अर्ध्यातच बसलो, चिमणीवरच्यासारखा. मी गच्चीवर बसून आरामात चारशे बारा, चारशे बारा लिहून राह्यलो होतो अन् माही पोरगी तिकडे अनोळखी वावरात उभी होती. दहा तारखेले ती पुन्हा उडाली होती अन् क्यू-९ नव्हती, तू म्हणते तसंच. मी तं शेऱ्यात लिहिलं होतं, गेज दुरुस्त.

स्वयंपाकघरात गेलो. अन्नपूर्णा तांदूळ निवडत होती. मी विचारलं, नऊ तारखेले हर्षाले काय झालं होतं. तिने ताट खाली ठेवलं अन् पहिले रडून घेतलं. मंग सांगतलं. क्यू-९ म्हणजे एक विशीतली पोरगी. हवा न भेटल्याने झाडांमधल्या लहानशा मोकळ्या जागेत उतरली अन् विमान आपटलं. रेडिओ बंद. पुढच्या कोणाले दिसली नाई, हर्षाले मागे वळून पाहताना पांढरा पंख दिसला. ती वर फिरत राह्यली अन् रेडिओवरून जागा सांगत राह्यली. उंची संपली तशी बाजूच्या वावरात उतरली, धावत गेली, अन् गाडी येईपर्यंत तिचा हात धरून बसली. त्या पोरीचा पाय मोडला, जीव शाबूत आहे. इतवारीबाईंना सांग, त्यांनी भाकरी टाकता टाकता जे ओळखलं ते मले मोबाइल हातात असून ओळखता आलं नाई.

मी अन्नपूर्णेले म्हटलं, पाच दिवस तू मले सांगतलं काऊन नाई. ती म्हणाली, तुम्हीच सांगतलं होतं नाव काढायचं नाई, मी नाई काढलं. 

शेवटचा निकाल बारावा नंबर. दहात नाई. अन् पोरीने आईले सांगून ठेवलं होतं, बाबांशी सही केली आहे, मी शब्द पाळीन, उडायच्या क्लबची किल्ली सोमवारी परत करते. कुरकुर नाई, काही नाई.

काल मी तिले फोन केला. चार महिन्यांनी. पहिले तं दोघंही नुसते हॅलो हॅलो करत राह्यलो. मंग मी म्हटलं, किल्ली परत करू नको. ती म्हणाली, बाबा, नोंद झालेली आहे. मी म्हटलं, नोंद दुरुस्त झाली आहे.

आमच्याकडे नियम आहे. लॉगमंदी चूक नोंद झाली तं खोडरबर लावायचं नाई, कागद फाडून फेकायचा नाई. लाल पेनाने एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूले बरोबर नोंद, सही, तारीख अन् वेळ. त्याखाली वरिष्ठाची सही. तशी दुरुस्ती केलेलं डायरीतलं पान सोबत पाठवून राह्यलो. माह्यावर वरिष्ठ आता तूच आहे. सही करून पाठव म्हणजे नोंद पक्की होईन.

पोरींना अन् इतवारीबाईंना जय भीम. आजवर सांभाळलं तसंच सांभाळून घे.

तुहा,
रामाजी


वसतिगृह, भामरागडजवळ
१९ जुलै

चि. रामाजी यास,
अ. आ. आणि जय भीम.

सही केली. शेजारी इतवारीबाईंनीही केली, त्यांचा हक्क आहे म्हणाल्या. रात्रीच्या शाळेत त्या सही शिकल्या, पण ती करायची वेळच येत नव्हती. मुलींनी गुंज एका डबीत घालून ठेवली आहे, हर्षा येईल तेव्हा तिला द्यायची म्हणून. डबीवर एच-७ लिहिलं आहे.

पान परत पाठवण्याआधी मी ते नीट वाचलं. तुझी जुनी अट रेघेखाली स्वच्छ दिसते. बाजूला तू लिहिलं आहेस, "अट रद्द. नंबर कितीही येवो, तिनं उडावं." मला वाटलं होतं, हे तू चौदा तारखेला माझं पत्र वाचून लिहिलं असशील, आणि माझ्या पत्राचा थोडा गर्वही झाला. मग खालची वेळ पाहिली. सात जुलै, संध्याकाळी पाच सत्तेचाळीस.

सात तारखेची लॉगशीट मी अजून ठेवली आहे, ती काढून पाहिली. पावणेसहाला पाचशे चाळीस. तू लाल पेन मागितलास तो तेव्हा. त्या दिवशी पोरगी नववी होती, अट पाळली जात होती, आणि तिच्या खाली खरं तर दीडशे मीटरसुद्धा नव्हते. तुमच्या चिमणीपेक्षा कमी. तुला ते माहीत नव्हतं. तुझ्या समजुतीप्रमाणे ती पाचशे चाळीस मीटर उंच होती, म्हणजे जिवाला धोका नव्हता, तरी तू रेघ मारलीस.

मग आठवडाभर कोणालाच का सांगितलं नाहीस रे? तिला नाही, अन्नपूर्णेला नाही, मलासुद्धा नाही. पोरगी तिकडे किल्ली परत करायला निघाली होती. हे मी रागाने विचारते आहे, आणि डोळे पुसत विचारते आहे.

आता ते पान माझ्याकडून तुला परत येणार नाही. मी ते जर्मनीच्या पत्त्यावर हर्षाला पाठवते आहे. वेळेखाली मी एक बारीक रेघ मारली आहे, लाल पेनाने, म्हणजे तिची नजर आधी तिथे जाईल.

अन्नपूर्णेला माझे आशीर्वाद, आणि घरात पोरीचं नाव रोज निघू दे.

तुझी,
वच्छलाबाई